खुलासा: स्कॉटलंडमधली नर्सरी आणि तुरुंग लंडनच्या हातात नाहीत

ग्लासगो-एडिनबरातल्या मराठी घरांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'आता नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला ३० तास नर्सरी फुकट. कैद्यांना लवकर सोडण्याचा निर्णयही लंडनचाच. तक्रार वेस्टमिन्स्टरच्या खासदाराकडे करा.' स्कॉटलंडपुरतं हे साफ चूक आहे.

नऊ महिन्यांपासूनची ती योजना इंग्लंडची, तीही नोकरदार आईवडिलांसाठी. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासून तीन-चार वर्षांच्या सगळ्या मुलांना वर्षाला ११४० तास मिळतात, आईवडील कमावते असोत वा नसोत. दोन वर्षांच्या मुलांना मात्र पात्रतेनुसारच. शिवाय ११४० म्हणजे ३० तास गुणिले ३८ आठवडे, अख्खं वर्ष नव्हे. ओळखीतली एक आई या मेसेजवर विसंबून कामावर रुजू व्हायची तारीख देऊन बसली. लेक चौदा महिन्यांची. नर्सरीने पूर्ण फी सांगितली तेव्हा फोन हातात धरून ती जिन्यातच बसली. म्हणून हे लिहितेय.

तुरुंगही एडिनबराच्या सरकारकडेच. चार वर्षांहून कमी शिक्षेच्या बहुतेक कैद्यांना ५० ऐवजी ४० टक्के शिक्षेनंतर सोडण्याचा कायदा स्कॉटिश संसदेने केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो लागू झाला. लैंगिक आणि घरगुती हिंसाचाराचे गुन्हेगार त्यातून वगळले आहेत.

तेव्हा जाब विचारायचा तो होलिरूडमधल्या, म्हणजे स्कॉटिश संसदेतल्या, आपल्या आमदाराला. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्यांना त्या निवडणुकीत मत देता येतं. मतदार यादीत नाव तेवढं नोंदवून घ्या.