११ महिने, नोटरी आणि महापालिका : एका नाराज वाचकाला उत्तर

नमस्कार,

भाड्याच्या घरांच्या नोंदणीवरील लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया कडक आहे, पण नेमकी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : महाराष्ट्रात महापालिका भाड्याच्या घरांची नोंद ठेवत नाही आणि तपासायलाही येत नाही. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, आणि तुमचा चालू करारही तसाच आहे. पोलिसांत माहिती दिली की काम संपलं. घर बघायचं तर मालक दुसऱ्या चावीने कधीही बघू शकतो. नव्या कायद्याने डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यावर आलं, ते आम्ही लपवलं. आणि हे सगळं आम्ही एजंटांची दुकानं चालावीत म्हणून लिहितो.

पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे. लेखात ‘महापालिकेत नोंद’ असे शब्द गेले, ते चूक होते. आपल्याकडे भाडेकरू ठेवण्यासाठी महापालिकेचा परवाना नाही आणि दरवर्षी घर बघून दाखला देणारा निरीक्षकही नाही. करार नोंदवला जातो तो दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागात. महापालिकेचा संबंध येतो तो मालमत्ता कर आणि इमारतीची सुरक्षितता यांच्यापुरता. त्यावर पुढे लिहितो. आधी नोटरी, कारण सगळ्यात महाग पडणारा गैरसमज तोच आहे.

११ महिन्यांची सवय आली केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्याच्या कलम १७ नुसार एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक ११ महिने लिहू लागले. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहायची नुसती परवानगी) असो वा भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदतीची अट त्यात कुठेच नाही. ११ महिने असोत, ६ असोत की ३६, नोंदणी लागतेच. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण खरी मेख दंडात नाही. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो, हेही त्याच कलमात आहे. भाडं किती ठरलं, डिपॉझिट किती दिलं, मुदत कधीपर्यंत, वीजबिल कोणाचं, या प्रत्येक ठिकाणी वाद झाला तर तुम्ही एक पाऊल मागून सुरुवात करता. नोटरी सही कोणी केली एवढंच पाहतो. त्याच्या शिक्क्याने कागद निबंधकाच्या दप्तरी जात नाही.

दुसरा तोटा मुदत संपल्यावर कळतो. राहणारा घर सोडत नसेल तर कलम २४ खाली मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. तिथली पद्धत संक्षिप्त आहे : समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याला शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. या सगळ्याचा कणा म्हणजे करार. तोच नोंदवलेला नसेल तर पहिल्याच तारखेला वाद सुरू होतो, आणि जे काम काही महिन्यांत व्हायचं त्याचं भिजत घोंगडं होतं.

आता खर्च, कारण ‘एजंटांची दुकानं’ हा आरोप तिथूनच येतो. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, मुदत ६० महिन्यांपर्यंत असेल तर. ते तीन रकमांच्या बेरजेवर लागतं : पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं २०,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने. भाडं झालं २,२०,०००, व्याज ९,१६७, बेरीज २,२९,१६७. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५७३ रुपये. प्रत्यक्ष भरताना आकडा थोडा वर पूर्ण केला जातो. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. म्हणजे सरकारात जातात दीड हजारांच्या आसपास. एजंट त्यावर घेतो ते घरी येऊन अंगठे घेण्याचे पैसे. ते द्यायचे नसतील तर नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेवर आधार, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र वापरून दोघं मिळून हे काम स्वतः करू शकता. शिवाय ११ महिन्यांचा हट्ट सोडून ३३ किंवा ३६ महिन्यांचा करार केलात, दरवर्षीची वाढ त्यात लिहिलीत, तर १,००० रुपयांची फी तीनदा भरायची ती एकदाच भरावी लागते.

स्वतः करताना अडतं कुठे? बहुतेकदा मिळकतीच्या वर्णनात. फ्लॅट क्रमांक, मजला, इमारतीचं नाव, गाव, सर्व्हे क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक आणि क्षेत्रफळ हे सगळं खरेदीच्या दस्ताच्या इंडेक्स टूवरून (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा) जसंच्या तसं उतरवा, वीजबिलावरून नको. दुसरी अडचण अंगठ्याची. वयस्कर माणसांचे आणि हाताने काम करणाऱ्यांचे ठसे आधारशी जुळत नाहीत. बोट कोरडं करून, दहापैकी दुसरं बोट वापरून बघा, आणि बायोमेट्रिक अपडेट आधीच करून घ्या. तिसरी, संयुक्त मालकी. नवराबायकोच्या नावावर घर असेल तर एकट्याची सही पुरत नाही. दोघंही हवेत किंवा एकाचं कुलमुखत्यारपत्र हवं. नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर मसुद्यात खाडाखोड होत नाही. चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. म्हणून पाठवण्याआधी डिपॉझिटची रक्कम आणि तारखा मोठ्याने वाचून दाखवा. हास्यास्पद वाटतं, पण शून्य जास्त पडण्याची चूक डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते.

पोलिसांत माहिती देणं हे वेगळंच काम आहे. पोलीस आयुक्त भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीचं कलम १४४) भाडेकरूंची माहिती द्यायचा आदेश काढतात. तो एका वेळी २ महिन्यांपुरताच टिकतो, म्हणून पुन्हापुन्हा निघतो, आणि म्हणूनच ‘आमच्याकडे आता सक्ती नाही’ असं कोणीतरी नेहमी सांगत असतं. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. फॉर्म भरला म्हणजे राहणारा कोण हे पोलिसांना कळलं, इतकंच. त्याने करार नोंदवला जात नाही, आणि करार नोंदवल्याने फॉर्मची जबाबदारी संपली असंही धरू नका. दोन्ही पोचपावत्या जपा. परदेशी नागरिक ठेवलात तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती (जिला लोक ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखतात) ऑनलाइन भरावी लागते. हे विसरणारे मालक खूप आहेत.

महापालिकेकडे वळू. तपासणीचा माणूस येत नाही, पण बिल येतं. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे आणि ती पीटी-३ अर्जाने मागायची असते. घर भाड्याने दिलं तर ती सवलत तुमची नाही. ती घेत राहून नोंदवलेला करारही करणं म्हणजे दोन सरकारी दप्तरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगणं, आणि ती दप्तरं कधीतरी एकमेकांशी ताडली जातात. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, त्यामुळे तिथे घरात कोण राहतं यापेक्षा क्षेत्रफळ आणि वापर महत्त्वाचा.

आणि इमारतीची तपासणी होते, घराची नाही झाली तरी. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घेणं मालकावर किंवा सोसायटीवर बंधनकारक आहे (मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३५३ब, इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचं २६५अ). अहवालात ‘सी-१’ वर्ग आला तर इमारत राहण्यास अयोग्य आणि रिकामी करण्याची. अशा इमारतीतलं घर ११ महिन्यांसाठी देणं म्हणजे डिपॉझिट परत द्यायची वेळ स्वतःहून लवकर आणणं. भाडेकरूने घर घेताना दोन कागद मागावेत : भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), आणि जुनी इमारत असेल तर परीक्षणाचा अहवाल. लोक सोसायटीची एनओसी मागतात आणि हे दोन विसरतात. एनओसीबद्दल एकच सांगतो : सोसायटीला कळवणं आणि कराराची प्रत देणं हे सदस्याचं काम आहे, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. दहा टक्के पूर्ण मेंटेनन्स बिलाचे नव्हेत, फक्त ‘सेवा शुल्क’ या रकान्याचे.

दुसऱ्या चावीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ मालकाला घर बघण्याचा हक्क देतं, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. राहणारा कामावर गेला असताना कुलूप उघडणं त्यात बसत नाही. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे. हा मोह मालकांना होतोच, आणि स्वच्छ केस मग उलटते.

तपासणी करायचीच तर चावी देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून करा. वीज मीटरचा ग्राहक क्रमांक आणि त्या दिवशीचं रीडिंग, पाइप गॅस असेल तर त्याचंही, करारासोबतच्या यादीत लिहा. बाथरूम आणि खिडक्यांखालच्या ओलीचे फोटो काढा, नाहीतर पावसाळ्यानंतर ती कोणाची यावर डिपॉझिट अडतं. वीजपेटीतल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारं यंत्र) ‘टेस्ट’ बटण दाबून बघा. पुरवठा तुटला नाही तर ते यंत्र नुसतं शोभेचं आहे. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर घर देण्याआधी बाहेर काढा. तो जळताना प्राणवायू खातो, कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि त्या वायूला वास नसतो.

डिपॉझिटचं. दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे ती आदर्श भाडेकरार कायद्यात, जो केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केला. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. इथे लायसन्सचं डिपॉझिट दोघांत ठरतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो मजकूर या राज्यापुरता खोटा आहे.

राहिला तुमचा चालू नोटरी करार. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करता येतो. त्यापुढच्या ४ महिन्यांत दंडासह, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. पण कमी भरलेलं मुद्रांक शुल्क, चुकलेलं वर्णन हे सगळं निस्तरत बसण्यापेक्षा उरलेल्या मुदतीसाठी आजच्या तारखेचा नवा करार करून तो नोंदवणं सोपं. त्यात आधी दिलेलं डिपॉझिट ‘आज दिले’ असं लिहू नका. मूळ तारीख, रक्कम आणि चेक किंवा यूपीआय व्यवहाराचा क्रमांक लिहा, आणि नोटरीचा जुना करार संपुष्टात आला अशी एक ओळ घाला. भाडेकरूलाही ते सोयीचंच आहे, त्यामुळे सहीसाठी तो अडून बसण्याचं कारण नाही.