पांढऱ्या पाटीची गाडी आणि महिना पन्नास हजारांचा दावा

गेल्या काही दिवसांत एक मजकूर नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. ‘ऑफिस सुटल्यावर रोज फक्त चार तास गाडी चालवा आणि महिन्याला पन्नास हजार कमवा’ असे त्याचे शीर्षक असून त्याखाली सहा गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: घरची पांढऱ्या नंबर प्लेटची कार चालते, परमिट लागत नाही, अपघात झालाच तर गाडीचा विमा आहे, चार तासांत अडीचशे रुपयांच्या आठ ट्रिपा सहज होतात, साधे लायसन्स पुरते, आणि हा पगार नसल्यामुळे यावर कर बसत नाही. एरवी मी हे वाचून सोडून दिले असते. परंतु रविवारी ताईकडे जेवायला गेलो असताना माझ्या भाच्याने हाच मजकूर माझ्यासमोर धरला आणि आपण तीन दिवसांपासून ओळखीच्या एका चालकाच्या टॅक्सी ॲपवरच्या आयडीवर, स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून प्रवासी नेत असल्याचे मोठ्या उत्साहाने सांगितले. मी दिवसा हिशेबाच्या कामावर जातो आणि गेली चार वर्षे संध्याकाळी टी-परमिटची, म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेली पिवळ्या पाटीची गाडी चालवतो. मामा स्वतः हेच काम करतो, तरी मला विचारण्याआधी या पोराने कुणाच्या तरी निनावी मजकुरावर विश्वास ठेवला, याचे मला फार वाईट वाटले.

सर्वांत घातक मुद्दा विम्याचा आहे, म्हणून तो आधी घेतो. जेवण झाल्यावर मी भाच्याला त्याच्या गाडीची पॉलिसी काढायला लावली. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि हप्त्याची रक्कम होती, आणि तेवढेच त्याने आजवर वाचले होते. खाली बारीक अक्षरांत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असे लिहिलेला चौकोन होता, आणि गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरल्यास हे संरक्षण लागू नाही, असे त्यात स्पष्ट इंग्रजीत छापलेले होते. खासगी कारच्या पॉलिसीत ही अट असतेच. कंपनी बदलली म्हणून ती सुटत नाही. ज्याला खात्री करायची असेल त्याने आज घरी जाऊन आपल्या कपाटातला कागद काढून पाहावा.

ही केवळ कंपनीने आपल्या सोयीसाठी घातलेली ओळ नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 150 विमा कंपनीला मोजक्याच कारणांवर जबाबदारी नाकारू देते, आणि परमिट नसलेली गाडी भाड्याने चालवणे हे त्या मोजक्या कारणांतले अगदी पहिले आहे. गाडी ठोकली गेली तर पॉलिसीतल्या त्या अटीवर तिच्या दुरुस्तीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. प्रवासी किंवा रस्त्यावरचा माणूस जखमी झाला अथवा दगावला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला भरपाई आधी द्यायला लावते आणि नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मोकळीक देते. गाडीमालक या प्रकरणात भाचा नसून माझी ताई आहे, कारण गाडी तिच्या नावावर आहे. संध्याकाळच्या चार तासांसाठी त्या मुलाने आईचे राहते घर पणाला लावले होते आणि त्या घरात कुणालाही त्याची कल्पना नव्हती. ‘विमा आहेच’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याला ही जबाबदारी घ्यावी लागत नाही, म्हणून तो इतक्या सहज लिहितो.

परमिटचे उत्तरही त्याच कायद्यात आहे. कलम 66 प्रमाणे परमिटशिवाय कोणतीही गाडी परिवहन वाहन म्हणून, म्हणजे भाडे घेऊन, चालवता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 192-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘पोलीस अडवत नाहीत’ हे मजकुरातले वाक्य वर्धा रोडवर किंवा विमानतळाच्या फाटकाशी एखादा आठवडा खरेही ठरेल. पण पिवळ्या पाटीची गाडी म्हणजे केवळ रंग बदललेली पाटी नव्हे. तिचे ठरावीक मुदतीने पासिंग होते, ब्रेक आणि टायर तपासले जातात, नव्या गाड्यांत पॅनिक बटण आणि गाडीचा ठावठिकाणा कळवणारे उपकरण बसवावे लागते. भाच्याने दुसऱ्या रात्री मेडिकल चौकातून एका म्हाताऱ्या जोडप्याला मानकापूरला सोडले होते. त्यांच्या मोबाइलवर एका माणसाचे नाव आणि एका गाडीचा नंबर होता, आणि प्रत्यक्षात समोर दुसराच माणूस दुसरीच गाडी घेऊन उभा होता. तो मुलगा सज्जन आहे, हे मला ठाऊक आहे; पण त्या आजोबांना ते ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

या दाव्याच्या मुळाशी एक अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये ॲप कंपन्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत खासगी गाडीतून सहप्रवास करू देण्याची तरतूद होती. मात्र राज्याला तो रोखण्याचा अधिकार ठेवला होता आणि एका गाडीला शहरात दिवसाला जास्तीत जास्त चार फेऱ्यांची मर्यादा घातली होती. आपण मिहानला निघालो आहोत, त्याच वाटेवरचा कुणी सोबत आला आणि खर्च वाटून घेतला, हा सहप्रवास झाला. धंदा म्हणून रोज आठ भाडी करणे त्यात कुठल्याही अर्थाने बसत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने यातला ‘खासगी गाडी’ एवढाच शब्द उचलला आहे.

आता आठ ट्रिपांचा हिशेब, जो कागदावर मांडायला पाच मिनिटेही लागत नाहीत. नागपुरात अडीचशे रुपयांचे भाडे साधारण बारा-तेरा किलोमीटरचे असते, म्हणजे विमानतळाहून जरीपटका किंवा तेवढेच काही. अशा आठ ट्रिपा म्हणजे शंभर किलोमीटर प्रवासी बसलेले असताना झाले. त्यात प्रत्येक पिकअपपर्यंत दोन-तीन किलोमीटर रिकामे जाणे धरले की आकडा सव्वाशेच्या घरात जातो. चार तासांत सव्वाशे किलोमीटर म्हणजे सिग्नल, सीताबर्डीची गर्दी, प्रवासी खाली येईपर्यंतची वाट आणि सामान ठेवणे हे सारे धरून ताशी तीसच्या वर सरासरी न थांबता राखणे. मला चार वर्षांत एकाही संध्याकाळी हे जमलेले नाही. चांगल्या दिवशी चार तासांत माझ्या चार ट्रिपा होतात, कधी पाच, आणि वाडीला किंवा दिघोरीला प्रवासी सोडला की बऱ्याचदा गाडी रिकामीच परत आणावी लागते. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे. शहरात पंधराचे ॲव्हरेज धरले तर किलोमीटरला सात रुपये टाकीतच जातात, मग गाडी भरलेली असो की रिकामी. त्यानंतर कंपनीचा वाटा, टायर, सर्व्हिसिंग, परमिटच्या गाडीचा महाग विमा आणि पासिंगचा खर्च येतो. एवढे सगळे वजा करूनही माझ्या हाती काही उरते, आणि ताईला मी हेही सांगितले, कारण या कामाला नावे ठेवणे हा माझा हेतू नाही. माझ्या मुलीची फी याच कामातून भरली जाते. परंतु जे उरते ते पन्नास हजारांच्या जवळपासही नसते.

लायसन्सचा मुद्दा मात्र बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. पण तो निकाल चालकाच्या लायसन्सबद्दल आहे. गाडीच्या परमिटशी त्याचा संबंध नाही. मजकुरात लायसन्सचे आणि परमिटचे वाक्य अशा तऱ्हेने एकाच यादीत ठेवले आहे की एकाच्या खरेपणावर दुसरेही खपून जावे. कराविषयी लिहिलेले तर साफ चूक आहे: हे व्यवसायाचे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते. एकूण उत्पन्न कमी असल्यामुळे कर न निघणे ही वेगळी गोष्ट झाली.

मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही, ती गोष्ट झोपेची आहे. त्याच 2020 च्या सूचनांत चालकाने दिवसाला बारा तासांहून अधिक काळ ॲपवर राहू नये आणि त्यानंतर दहा तास विश्रांती घ्यावी, असे म्हटले होते. परंतु आपण सकाळी नऊपासून कार्यालयात खुर्चीवर बसून आलो आहोत, हे ॲपला कळत नाही; त्याच्या लेखी संध्याकाळी सातला आपला दिवस सुरू होतो. पहिल्या वर्षी मे महिन्यात रात्री साडेबाराला छत्रपती चौकाच्या सिग्नलवर माझा डोळा लागला होता आणि मागच्या ट्रकच्या हॉर्नने मी दचकून जागा झालो होतो. गाडीत मागे एक बाई आणि तिचे झोपलेले बाळ होते. त्या दिवसापासून मी अकराच्या पुढे बुकिंग घेत नाही.

भाच्याने त्याच रात्री तो आयडी मालकाला परत केला. गाडीवर अजून कर्ज आहे, त्यामुळे ती परिवहन वर्गात बदलायची तर आधी बँकेची संमती लागेल. सोमवारी तो बँकेत जाऊन विचारणार आहे, आणि परमिटच्या गाडीच्या विम्याचा हप्ता किती पडेल हे मी त्याला माझ्या एजंटकडून काढून देणार आहे. ते दोन आकडे हातात आल्यावर हे काम करायचे की नाही, हे त्याने आणि ताईने मिळून ठरवावे. तोपर्यंत त्याने तो मजकूर ज्या तीन गटांवर पुढे पाठवला होता, त्या तिन्ही गटांवर आपल्या पॉलिसीच्या त्या बारीक अक्षरांचा फोटो टाकावा, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.