टँकरवरची 'एक्स' तपासणी: न वाकता, न दमता

ईटीओ, म्हणजे जहाजाचा वीज-अधिकारी, म्हणून तेलवाहू टँकरवर नुकतेच चढलात? अभिनंदन! डेक आणि पंपरूममधल्या ज्वालारोधक, म्हणजे स्फोटक गॅसच्या जागी चालणाऱ्या 'एक्स' दिव्यांची तपासणी आता तुमच्या गळ्यात. घाबरू नका.

आयईसी ६००७९-१७ या आंतरराष्ट्रीय मानकात तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत: नुसती नजरेने, शिडी-हत्यारं घेऊन जवळून आणि वीज तोडून, झाकण उघडून सविस्तर. पहिली ब्रिजवरून दुर्बिणीने होते. दुसरी पहिलीत आलीच. तिसरीसाठी एक्सेल आहे. मागच्या वर्षीचीच फाइल उघडा, तारीख तेवढी बदला.

दिव्याच्या डब्यात आणि झाकणात बारीक फट दिसेल. पुस्तकी लोक सांगतील, ती मुद्दाम ठेवलेली असते: आत गॅस शिरणारच, पेटलाच तर स्फोट आतच व्हावा आणि जळता वायू त्या अरुंद वाटेने बाहेर पडता पडता थंड व्हावा. असेल बुवा. पण पावसाचं काय? हाताला लागेल ते सिलिकॉन चोपडा. वर बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, रंग मारायला सांगा. बोसनचा हात सढळ. व्हेटिंगच्या, म्हणजे तेलकंपन्यांच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी तर फारच. फ्लँज, बोल्ट, नावपट्टी, सगळं एका रंगात न्हाऊन निघतं. 'आयआयबी टी४' (गॅसचा गट आणि तापमानाचा वर्ग) वाचताच आलं नाही, तर दिवा चुकीचा आहे असं म्हणणार कोण?

आठांपैकी सहाच बोल्ट आहेत? सहा म्हणजे बहुमत. जुनी केबल काढल्यावर उरलेल्या भोकात प्रमाणित प्लग हवा म्हणतात. इन्सुलेशन टेप काय वाईट आहे?

पंपरूममध्ये तासाला २० वेळा हवा बदलणारा पंखा चालू असल्याशिवाय दिवे लागू नयेत, इमर्जन्सीचे सोडून, हा सोलासचा, म्हणजे सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, हट्ट. रात्री दोनला हा इंटरलॉक फार छळतो. वायरचा एक तुकडा मारून टाका, तात्पुरता. तात्पुरती कामं पुढच्या ड्रायडॉकपर्यंत छान टिकतात, असा अनुभव आहे.

इन्स्पेक्टर नेमका शिडी मागणारा निघाला, तर आधी जेवायला बसवा. तरीही चढलाच, तर 'आधीच्या ईटीओचं काम' हे वाक्य तयार ठेवा. पटतं, कारण बहुतेकदा खरंच असतं.

साइन-ऑफच्या, म्हणजे जहाज सोडायच्या, दिवशी रजिस्टर रिलीव्हरच्या (तुमच्या जागी आलेल्या ईटीओच्या) हातात द्या आणि गँगवेकडे सुटा. मॅनिफोल्डजवळच्या (तेलाचे पाइप जोडतात तिथल्या) दिव्याचं झाकण हलत का नाही, असं त्याने विचारलंच, तर सांगा, रंग ताजा आहे.