एकास बहात्तर

"काय शोधतोयस?" हा प्रश्न मला आमच्या घरात आठवड्यातून तीन-चार वेळा तरी विचारला जातो, आणि दर वेळी मी फरशीला गाल टेकून आडवा पडलेला असतो. गाल टेकण्यामागे शास्त्र आहे. उभ्याने पाहिलं तर बारका तुकडा फरशीच्या नक्षीत मिसळून जातो. डोळा फरशीच्या पातळीला आणला आणि टॉर्च आडवा धरला, की त्याच तुकड्याची हातभर सावली पडते आणि तो लगेच सापडतो. म्हणजे केस सापडतो, रंगाचा वाळलेला पापुद्रा सापडतो, दोन वर्षांपूर्वी हरवलेलं एक चाक सापडतं. जे हरवलेलं असतं ते सोडून सगळं सापडतं.

मी प्लास्टिकची मॉडेलं बनवतो. विमानांची, आणि तीही एकास बहात्तर या प्रमाणात. खरी वस्तू बहात्तर इंच असेल तर माझी एक इंच. सहा फुटी माणूस एका इंचाचा होतो. हिशोबाला इतकं सोपं दुसरं प्रमाण नाही. या छंदातली सगळीच प्रमाणं काही अशी विचारपूर्वक आलेली नाहीत. रणगाड्यांच्या मॉडेलांत १:३५ हे प्रमाण आज जगभर चालतं. त्याचं मूळ असं, की १९६१ साली टामिया या जपानी कंपनीला आपल्या पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजून पाहिलं तर तो साधारण पस्तीसपट लहान निघाला. तेव्हापासून जगभरची गंभीर माणसं भिंगं लावून त्या बॅटऱ्यांच्या मापाशी इमान राखून आहेत. या माणसांतलाच मी एक असल्यामुळे मला हसायचा अधिकार आहे.

आता बहात्तरने भागणं म्हटलं की लोकांना वाटतं, सगळंच बहात्तरपट सोपं झालं. तसं नाही. भागाकार फक्त विमानाला लागू होतो. चुकांना गुणाकार लागतो. पंख आणि धड यांच्यामध्ये ०.३ मिलिमीटरची फट राहिली, तर माझ्या दृष्टीने ती नगण्य असते. पण खऱ्या विमानावर ती दोन सेंटिमीटरहून मोठी होते. पंखाच्या मुळाशी बोट जाईल एवढी फट असलेल्या विमानात कोण बसेल? रंग ओला असताना अर्ध्या मिलिमीटरचा धुळीचा कण पंखावर चिकटला, तर वैमानिकाच्या हिशोबाने पंखावर जवळपास टेबलटेनिसच्या चेंडूएवढा धोंडा येऊन बसला. एकदा ओल्या रंगावर माशी बसली होती. त्या प्रमाणात ती अर्ध्या मीटरची होती. तिच्या पायांचे ठसे मी आजही कोणाला दाखवत नाही.

तर या वेळी घेतलं होतं पी-३९ एअराकोब्रा. बेल कंपनीचं अमेरिकन लढाऊ विमान, पहिलं उड्डाण १९३८. साडेनऊ हजारांहून जास्त बनली आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास सोव्हिएत वैमानिकांच्या हाती गेली. विमान मोठं विक्षिप्त. बाकीच्यांचं इंजिन नाकात, याचं वैमानिकाच्या पाठीमागे. नाकात ३७ मिलिमीटरची तोफ, ती थेट पंख्याच्या मधोमध उघडते. मग पाठीमागच्या इंजिनाने पुढचा पंखा फिरवायचा कसा? तर एक लांबलचक दांडा वैमानिकाच्या खालून पुढे काढलेला. आत शिरायला चक्क मोटारीसारखं दार. आणि शेपटीखाली चाक असण्याच्या त्या काळात याचं तिसरं चाक नाकाखाली. हे नाकाखालचं चाक लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

किटच्या पत्रकात चौथ्या पायरीशी एक चौकट होती. तिच्यात वजनाचं चित्र आणि त्यातून नाकाच्या पोकळीकडे गेलेला बाण. ते चित्र मी पाहिलं, पाहिलं म्हणजे नीट पाहिलं; पण त्या क्षणी माझ्या चिमट्यात कंट्रोल स्टिक होती. वैमानिक ज्याने विमान वळवतो तो दांडा. लांबी सात मिलिमीटर, जाडी विचारू नका. तिला हिरवा रंग देऊन झाला होता, बुडाला गोंदाचा ठिपका लावून झाला होता. विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धे भाग आतून तसेच हिरवे रंगवून टेबलावर उघडे पडले होते. आता फक्त कॉकपिटच्या तळाशी टेकवायची, एवढंच राहिलं होतं.

चिमट्याचा स्वभाव सांगतो. हलकं धरलं तर वस्तू गळते. घट्ट धरलं तर टोकं किंचित तिरकी होतात आणि वस्तू सुटते. या दोहोंच्या मधली एक जागा आहे, तिथे माझा हात थरथरतो.

टिक्.

एवढाच आवाज आला. वस्तू सुटल्याचा आवाज नेहमी येतो, पडल्याचा कधीच येत नाही.

त्यानंतर दोन संध्याकाळी मी फरशीवर काढल्या. आधी खुर्ची न हलवता बसल्या जागी शर्टाच्या घड्या तपासल्या, कारण उठलात की मांडीवरचा तुकडा पायाखाली जातो. मग फरशीला गाल. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांधून टेबलाखालची सगळी जागा ओढून काढली. या युक्तीने तुकडा पिशवीत न जाता मोज्यावर अडकतो. मोज्यावर जे अडकलं ते पाहून आमच्या घरातल्या स्वच्छतेविषयी माझं मत बदललं, पण ते मी बोललो नाही. झाडायची पाळी माझी होती.

दुसऱ्या संध्याकाळी बायको शेजारी येऊन उकिडवी बसली.

"केवढी आहे?"

"सात मिलिमीटर."

"विमान पूर्ण झाल्यावर दिसणार का ती?"

"तशी नाही. वर वैमानिक बसणार ना."

"मग नाही लावली तर कोणाला कळणार?"

मी काही बोललो नाही. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि कपाटाखाली हात घालून काहीतरी काढलं. "हे का?" ते दोन वर्षांपूर्वीचं चाक. मी तिचे आभार मानले. ते विमान मी चाकाच्या दुःखात केव्हाच देऊन टाकलं होतं.

शेवटी नवी स्टिक केली. किटचे भाग ज्या चौकटीला धरून येतात त्या प्लास्टिकच्या काडीला आम्ही स्प्रू म्हणतो. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, गोल फिरवत धरायचा. मधला भाग चकाकायला लागला, मऊ पडला, की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायचा. हळू ओढला तर जाड काडी, झटकन ओढला तर केसासारखा धागा. पहिल्या खेपेला माझं प्लास्टिक पेटलं, दुसऱ्या खेपेला तुटलं, तिसऱ्या खेपेला असा सुरेख, सरळ, एकसारखा तार निघाला की मी तो घरभर दाखवत फिरलो. त्यातले सात मिलिमीटर कापले, जागेवर टेकवले, बसले. त्या आनंदाच्या भरात मी धडाचे दोन्ही भाग एकमेकांवर ठेवले, सांध्यावर पातळ गोंद सोडला आणि रबरबँड चढवले. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. म्हणजे नंतर काही आठवलं तरी उपयोग नसतो.

किटमध्ये वैमानिक नव्हता. तो मी घडवायचा ठरवला. शिल्पकलेची हौस कोणाला नसते? इपॉक्सी पुट्टीच्या दोन पट्ट्या येतात, एक निळी, एक पिवळी. दोन्ही एकत्र मळल्या की हिरवा गोळा होतो, आणि मग तासाभरात काय करायचं ते करून घ्यायचं. सुई पाण्यात बुडवत राहायची, नाहीतर नाक सुईबरोबर निघून येतं. डोकं तीन मिलिमीटरचं. डोळा अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. शहाणी माणसं या मापात डोळे रंगवत नाहीत. खोबणीत गडद रंगाची सावली सोडून मोकळी होतात. मी पुट्टी वाळल्यावर रंगवायचं मनात पक्कं केलं, पठ्ठ्याला ताठ मानेने, नजर क्षितिजावर अशा ऐटीत बसवला, उजवा हात स्टिककडे नेला आणि झोपलो.

पुट्टी मात्र झोपली नाही. ती घट्ट व्हायला रात्र लागते आणि तोवर ती आपल्या वजनाने वाकत असते. सकाळी पाहतो तर मान छातीवर पडलेली, आणि उजवा हात स्टिकपासून सुटून सीटच्या कडेने खाली लोंबतोय. आतून मी तारेचा सांगाडा घालायला हवा होता. मोठ्या पुतळ्यांना घालतात, इंचभर माणसाला कशाला, असं वाटलं होतं. तरीही डोळे रंगवले. श्वास सोडून, दोन ठोक्यांच्या मध्ये ब्रश टेकवून. एक डोळा तोफेकडे पाहू लागला आणि दुसरा शेपटीकडे. पण मान खाली असल्यामुळे ते कोणाला दिसत नाही, तेव्हा पुट्टीने केलं ते एका परीने बरंच केलं.

कॉकपिटच्या काचेवर मात्र इलाज नव्हता. पारदर्शक भागाला सुपरग्लू लावू नये हे मला पाठ आहे, लोकांनाही मी सांगतो. पण त्या दिवशी दुसरा गोंद संपला होता आणि मी म्हटलं, एकच थेंब. सुपरग्लूची वाफ बोटांच्या ठशांवर धरून पांढरी होते. गुन्ह्याच्या तपासात ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. सकाळी काचेच्या डाव्या बाजूला, आतून, माझ्या अंगठ्याचा ठसा उठला होता. इतका स्वच्छ, की सरकारदरबारी कागदावर माझा अंगठा इतका चांगला कधी उमटला नाही. बहात्तरच्या हिशोबाने तो मीटरभराहून मोठ्या अंगठ्याचा आहे. वैमानिक मान वर करत नाही यात नवल नाही.

रंगकाम आणि डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं, यांबद्दल फार सांगत नाही. एक चांदणी पाण्यातून काढताना स्वतःभोवती गुंडाळली गेली आणि ती सोडवताना मी जे बोललो ते बायकोने दार लावून घेतल्यामुळे तिच्यापर्यंत पोचलं नाही. पण शेवटी विमान झालं. साडेचौदा सेंटिमीटर पंख, पावणेतेरा सेंटिमीटर लांबी. चाकं लावली, रात्रभर वाळू दिली, आणि सकाळी सगळ्यांना बोलावून शोकेसमध्ये त्याच्या तीन पायांवर उभं केलं.

क्षणभर उभं राहिलं. मग नाक हळूहळू वर गेलं, सभेत कोणी शंका विचारायला उठावं तसं, आणि शेपटी काचेच्या फळीवर आपटली. टक्. पाठोपाठ, कुठूनतरी, टिक्.

मला तेव्हा फक्त ती चौकट आठवली. वजनाचं चित्र आणि बाण. खऱ्या एअराकोब्राच्या नाकात तोफ होती, दारूगोळा होता. माझ्या नाकात हवा होती. माझ्या स्वतःच्या काय, मॉडेलच्या काय.

यावर उपाय आहेत. नाकाखालच्या चाकाच्या खाचेत भोक पाडून आत शिशाचे छर्रे सोडता येतात. शेपटीखाली बारीक पारदर्शक टेकू लावता येतो. चाकं फळीला चिकटवता येतात. मी तिन्ही उपायांवर एक आठवडा विचार केला. तोवर विमान नाक वर करून बसलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोघांनी "वा, अगदी झेप घेतंय!" असं म्हटल्यावर मी विचार करणं थांबवलं. अंगठ्याची बाजू भिंतीकडे, उजवी बाजू लोकांकडे.

मग बहीण आली. बरोबर भाचा, वय सहा. शोकेसला मी कुलूप लावतो, पण किल्ली कुलपालाच ठेवायची माझी पद्धत आहे. बहिणीला मी १:४८ आणि १:७२ यांतला फरक समजावून सांगत होतो, आणि ती माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती, तेव्हाच मला समजायला हवं होतं. वळलो तर विमान भाच्याच्या हातात. त्याने ते कानाजवळ नेऊन हलवलं.

टिक्, टिक्, टिक्.

आतून, शेपटीकडून. माझा हात पुढे गेला तो तसाच राहिला. त्याने विमान कानापासून काढलं, एक डोळा मिटून उजव्या बाजूच्या काचेतून बराच वेळ आत पाहिलं. मान खाली घातलेला, सीटखाली हात लोंबकळणारा वैमानिक त्याला दिसला असणार.

"मामा," तो म्हणाला, "ह्या काकांचं काहीतरी पडलंय खाली. ते शोधतायत."

बायको दारातच उभी होती. तिने आधी विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग पलीकडे टेबलाखाली, जिथे व्हॅक्यूम क्लीनरला बांधलेला मोजा अजून मी सोडला नव्हता.