तिसऱ्या रांगेतलं घर

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन. "समुद्राजवळ घर घेतोय. तीन वस्त्या बघून झाल्या, तिन्ही भारी आहेत. तू सांग कुठली घेऊ." मी विचारलं, रात्री जाऊन आलात का? तर म्हणते, "रात्री कशाला? रात्री काय दिसणार?"

तिथून जे बोलणं सुरू झालं ते दीड तास चाललं. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, एकदाचं लिहून टाक सगळं. म्हणून हे लिहिते आहे. लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही स्वतः अशाच एका पैसेवाल्या किनाऱ्यावर दोन वर्षं घर शोधत फिरलो आहोत. अशा ठिकाणची अडचण वेगळी असते. सगळ्याच वस्त्या चांगल्या असतात. रस्ते रुंद, झाडं छाटलेली, कचरा वेळेवर उचललेला. नाव सांगितलं की समोरच्याच्या भुवया वर जाव्यात अशी एकेकीची ख्याती. आणि प्रत्येक जाहिरातीत तोच फोटो: मोठी काच, काचेपलीकडे मावळता सूर्य. त्या काचेने भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. आमचीही पडली होती.

माझं मत एका वाक्यात सांगते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना इथूनच सुरुवात करता येईल. समुद्र पायी दहा मिनिटांवर असावा, खिडकीत नसावा. समुद्रालगतच्या घरांची पहिली रांग सोडा, दुसरीही सोडा. तिसरी किंवा त्यामागची बघा, आणि त्यातही जिथे बारा महिने माणसं राहतात तीच वस्ती घ्या.

आम्ही बघितलेलं पहिलं घर अगदी पहिल्या रांगेतलं होतं. एजंटने गॅलरीचं सरकतं दार उघडायला घेतलं, एका हाताने हलेना. दोन्ही हात लावून, पाय रोवून ओढलं तेव्हा कुठे करकरत उघडलं. "जरा तेल घालावं लागेल," म्हणाला. गॅलरीच्या कठड्याला नवाकोरा पांढरा रंग होता. मी बोलता बोलता एका जोडावर नख लावलं, तर रंगाचा फुगवटा फुटला आणि खालून तपकिरी पापुद्रे हातात आले. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्या तर बोट लावताच भुगा होत होत्या. एजंट माझ्या हाताकडे बघत होता आणि नवरा समुद्राकडे. नवऱ्याचं म्हणणं, रंग काय, पुन्हा देता येतो.

शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे. परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं, पण त्यांना खारे का म्हणतात हे मला त्या कठड्याने शिकवलं. लाट फुटते तेव्हा उडणारे खारट तुषार वारा आत आणतो. त्यातले जड थेंब किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्येच खाली बसतात. म्हणजे एकाच पिन कोडात, एकाच वयाच्या दोन इमारती असतील, तर पुढचीच्या बिजागऱ्या, गज, नळ, वायरींचे जोड यांचं म्हातारपण मागचीपेक्षा कितीतरी आधी येतं.

लोखंड दिसतं तिथे निदान कळतं तरी. काँक्रीटच्या आतलं दिसत नाही. मिठातलं क्लोराइड हळूहळू आत झिरपतं, सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते. गंज मूळ पोलादापेक्षा काही पट जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगून तडकतं. मायामीजवळच्या सर्फसाइडमध्ये समुद्रालगतची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत 24 जून 2021 च्या पहाटे कोसळली, 98 माणसं गेली. इमारत 1981 ची. दोष एकट्या मिठाच्या माथी मारता येत नाही, बांधकामाच्या मूळ रचनेतल्या उणिवाही तपासात पुढे आल्या. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट विसरता येत नाही. जलतरण तलावाच्या डेकखाली पाणी मुरतंय, स्लॅबला धोका आहे, असं इंजिनिअरने 2018 मध्येच लिहून दिलं होतं. पुढची वर्षं दुरुस्ती किती, खर्च कुणी करायचा, यावर रहिवाशांच्या बैठका चालू होत्या.

तेव्हा इमारतीत घर घेणार असाल तर लॉबीतला संगमरवर बघू नका, मागच्या पाच वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. ज्या बैठकांत गळती, तडे, राखीव निधी हे शब्द वारंवार येतात आणि ठराव मात्र "पुढील सभेत चर्चा" एवढाच असतो, तिथून पाय काढता घ्या. आम्ही एका ठिकाणी मागितली तर मिळालीच नाहीत. तेही उत्तरच झालं.

हवामानाचं थोडक्यात. किनारा एक असला तरी हवा एक नसते. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन उन्हाळ्यात समुद्राकडचा सनसेट भाग धुक्यात कुडकुडत असतो (नाव सनसेट, आणि सूर्य दिसायची मारामार!) आणि ट्विन पीक्स टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या मिशन भागात लोक बागेत ऊन खात पडलेले असतात. मधलं अंतर काही किलोमीटर. तिथल्या लोकांनी धुक्याला कार्ल असं नावच ठेवलंय. म्हणून वस्ती बघायला एकाच दिवशी, एकाच वेळी जाऊ नका. सकाळी जा, दुपारी जा, आणि जमलं तर वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात जा.

आता वाळू. हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, कारण घर घेताना त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पुळण आपल्याला स्थिर वाटते. ती स्थिर नसते, ती चालत असते. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळू थोडी थोडी एकाच दिशेने सरकवत नेतात. म्हणजे तुमच्या घरासमोरची वाळू ही वरच्या अंगाच्या शेजाऱ्याकडून आलेली असते आणि पुढच्याकडे निघालेली असते. मध्ये कुणी समुद्रात आडवा दगडी बांध घातला की एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूची उपाशी मरते.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर वेस्टहॅम्प्टनला हेच झालं. श्रीमंतांचा किनारा म्हणून जगभर नाव असलेला हा पट्टा. तिथे वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून 1970 पर्यंत किनारा वाचवायला एकामागोमाग एक असे पंधरा बांध घातले गेले. पुढचे ठरलेले बांध झालेच नाहीत. बांधांमधल्या घरांची पुळण छान रुंद झाली आणि शेवटच्या बांधाच्या पश्चिमेला समुद्र जमीन खात सुटला. डिसेंबर 1992 च्या वादळात तिथे समुद्राने वाळूची अख्खी पट्टी फोडली, घरं वाहून गेली. रहिवासी कोर्टात गेले, 1993 मध्ये त्यांनी वेस्ट हॅम्प्टन ड्यून्स नावाचं स्वतःचं वेगळं गावच स्थापन केलं. एकच रस्ता, तसेच बंगले, बघायला येणाऱ्याला दोन्हीकडे तोच सूर्यास्त. फरक इतकाच की तुम्ही बांधाच्या कुठल्या अंगाला आहात.

तेव्हा नकाशा उघडून उपग्रहाचे जुने फोटो बघा. वीस वर्षांपूर्वीची पुळण आणि आजची शेजारी शेजारी ठेवा. फुकट होतं, अर्धा तास लागतो. आम्हाला आवडलेल्या एका वस्तीपुढची पुळण पंधरा वर्षांत निम्मी झालेली दिसली, आणि आम्ही त्याच वस्तीतल्या घराला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे यावर भांडत होतो!

उधाणाच्या दिवशी जाऊन बघा हे तर सांगायलाच नको. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत समुद्र गरीब गायीसारखा असतो. एजंट बोलावतो ते नेमकं भांगात की काय अशी मला शंका आहे. पुरावा नाही. रस्त्याच्या कडेच्या गटारातून पाणी वर येतंय का एवढं बघा. मायामीत तर खालचा चुनखडक इतका सच्छिद्र आहे की समोर भिंत घालूनही भागत नाही, पाणी जमिनीतूनच वर येतं. तिथे गंमत बघा. गोऱ्यांच्या किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना घर घेता येत नसे, म्हणून त्यांच्या वस्त्या आत, थोड्या उंचवट्यावर झाल्या. आज लिबर्टी सिटी, लिटल हैती या भागांतल्या त्याच उंचवट्यावर गुंतवणूकदारांचे डोळे लागलेत. मायामीतल्या घरांच्या किमती जमिनीच्या उंचीशी कशा जोडल्या जाताहेत हे हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये दाखवलं. ज्यांना एकेकाळी समुद्र नाकारला, त्यांच्याच पायाखालची जमीन आता महाग होतेय आणि भाडं परवडत नाही म्हणून त्यांनाच उठावं लागतंय. (यावर वेगळी पोस्ट होईल, इथे थांबते.)

बरं, उंच म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. लॉस एंजेलिसजवळ रँचो पालोस व्हर्डेसमध्ये कड्यावरच्या बंगल्यांखालची जमीन 1956 पासून सरकते आहे. 2024 मध्ये ती इतकी वेगाने सरकू लागली की कित्येक घरांची वीज आणि गॅस तोडावा लागला. तेव्हा कड्याच्या टोकावरच्या घरालाही माझा नमस्कार.

विम्याचं काम सगळ्यात आधी करा. घर पसंत पडल्यावर, बयाणा देण्याआधी, दोन-तीन कंपन्यांकडून विम्याचा आकडा काढा. कॅलिफोर्नियात काही बड्या कंपन्यांनी 2022-23 मध्ये घरांच्या नव्या पॉलिसी देणंच थांबवलं. त्यांची माणसं जोखीम मोजूनच पोट भरतात. ते नाही म्हणत असतील तर आपण कुठले शहाणे?

शाळा, दवाखाना, प्रवासाचा वेळ, हे सगळे बघतातच. मी त्यात नवीन काही सांगणार नाही.

आता रात्रीचं. आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली वस्ती मी एका मंगळवारी रात्री बघायला गेले, हंगाम संपल्यावर. रस्त्याच्या एका टोकाला उभं राहून दिसतील तेवढी घरं मोजली. बेचाळीस. त्यातल्या सात घरांत उजेड. त्यातली दोन तर टायमरवरची, कारण बरोबर आठच्या ठोक्याला दोन्हीकडचे दिवे एकाच क्षणी लागले आणि आत कुणी हललंही नाही. म्हणजे खरी माणसं पाच घरांत. माझी चप्पल वाजतेय हे मलाच ऐकू येत होतं. सासूबाई आमच्याबरोबर राहणार होत्या. त्या दुपारी पडल्या-झडल्या तर हाक कुणाला मारायची? शेजारच्या टायमरला?

हा प्रश्न फक्त मला पडलाय असं नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज गावात 2016 मध्ये लोकांनी मतदान घेतलं, आणि नवीन बांधलेलं घर तिथे कायम राहणाऱ्यालाच मिळावं असा नियम ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर केला. लाँग आयलंडच्या त्याच श्रीमंत पट्ट्यात, म्हणजे हॅम्प्टन्समध्ये, उलटी तऱ्हा. तिथे सुतार, माळी, प्लंबर यांना जवळपास राहणं परवडत नाही, ते रोज पहाटे दूरवरून एकाच मुख्य रस्त्याने गाड्यांच्या रांगेत येतात. तिथले लोक त्या रांगेला ट्रेड परेड म्हणतात. नळ फुटला की प्लंबर त्या रांगेत अडकलेला. म्हणून मी वस्तीतल्या दुकानदाराला, सफाई कामगाराला सरळ विचारते, तुम्ही राहता कुठे? इथंच, मागच्या गल्लीत, असं उत्तर आलं की वस्तीला दहापैकी चार गुण तिथेच.

एक शेवटचं, पुळणीवर जायच्या वाटेबद्दल. तिसऱ्या रांगेत राहायचं तर ती वाट सार्वजनिक हवी, आणि कागदावर हवी. सिलिकॉन व्हॅलीतले अब्जाधीश गुंतवणूकदार विनोद खोसलांनी 2008 मध्ये कॅलिफोर्नियात हाफ मून बेजवळची मार्टिन्स बीचची जमीन घेतली, पुढे रस्त्यावरचं फाटक बंद झालं आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलं. 2018 मध्ये त्या न्यायालयाने त्यांची बाजू ऐकायला नकार दिला, तरी वाद मिटला नाही. कायदा लोकांच्या बाजूने असतानाही एक फाटक किती वर्षं खाऊ शकतं बघा.

आम्ही शेवटी घेतलं ते तिसऱ्या रांगेतलं. समुद्र दिसत नाही. बाथरूमच्या खिडकीतून, स्टुलावर चढून, दोन इमारतींच्या फटीतून एक निळी रेघ दिसते, आणि पाहुणे आले की नवरा त्यांना आवर्जून तिथे घेऊन जातो. कधीकधी वाटतं, ती मोठी काच घेतली असती तर? उधाणाच्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लाटांचा आवाज येतो, तेव्हा तर हमखास वाटतं. मग कूस बदलते.

हे लिहितानाच मैत्रिणीचा मेसेज आलाय. तसाच्या तसा देते: "काल रात्री तिन्हीकडे जाऊन आलो. पहिलीत नऊ दिवे. दुसरीत अकरा, पण त्यातले पाच टायमरवाले वाटतात. तिसरीत मोजताच आले नाहीत, कुणाचा तरी कुत्रा ह्यांच्या मागे लागला, त्याच्यामागून एक आजोबा ओरडत आले, आणि आता रविवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलंय."