देवापुढं नेट येतं

माझ्या लॅपटॉपचं वय नऊ वर्षं. माणसाचं पोर असतं तर तिसरी-चौथीत असतं, पण लॅपटॉपांच्यात हे वय म्हणजे नातवंडं खेळवायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीतला, म्हणजे दोन पिढ्यांनी स्थळ हुकलं. भाऊबीजेला ताई आली सांगलीला, बरोबर भाचा, तो हिंजवडीत आयटीत. म्हणाला मामा नवीन कशाला घेता, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकू, फुकट आहे. खिशातून पेन ड्राइव्ह काढला, शेजारी स्वतःचा मोबाइल ठेवून हॉटस्पॉट लावला, अर्ध्या तासात सगळं चकाचक करून दिलं, चकल्या खाल्ल्या आणि रात्रीच्या गाडीने परत.

दुसऱ्या दिवशी वायफाय गायब. यादीत एकही नाव नाही, शेजारच्या जोशींचंसुद्धा नाही, ज्यांचं वायफाय आमच्या बाथरूममध्ये पण दिसतं. भाच्याला फोन केला तर म्हणे मामा मीटिंगमध्ये आहे, गूगल करा ना, लिनक्सची कम्युनिटी लई भारी असते, कुणी ना कुणी सांगतंच.

आता नेट चालू करायचं तर नेटवर शोधायला पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसलं प्रकरण. पण मोबाइल होता, मग मोबाइलवर वाचायचं आणि लॅपटॉपवर टाइप करायचं. एका डोळ्यावर जवळचा चष्मा, दुसऱ्यावर लांबचा असायला हवा होता. एल कुठला, एक कुठला आणि मोठा आय कुठला हे मोबाइलच्या स्क्रीनवर ओळखणं म्हणजे तांदळातले पांढरे खडे वेचणं. मी एक कमांड अकरा वेळा टाकली आणि अकराही वेळा कॉम्प्युटर म्हणाला असली कमांडच नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. लिनक्समध्ये मदत मागायला गेलं की आधी तुमचं कूळ विचारतात, अगदी स्थळ बघायला आल्यासारखं. मूळ गाव कुठलं, घराणं कुठलं, कुणापैकी? मला वाटलं होतं लिनक्स म्हणजे लिनक्स. तर नाही. मिंट निघालं उबुंटूपासून, उबुंटू डेबियनपासून, आणि डेबियन हे नाव १९९३ साली इयान मर्डॉक नावाच्या माणसाने आपल्या मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान जोडून ठेवलं, म्हणजे घराण्याची सुरुवातच प्रेमविवाहाने. सॉफ्टवेअर टाकायला ही सगळी मंडळी ॲप्ट नावाची कमांड वापरतात. फेडोरावाल्यांच्यात डीएनएफ चालतं, आर्चवाल्यांच्यात पॅकमन. एकमेकांच्यात कमांडींचा रोटी-बेटी व्यवहार नाही. मी दोन संध्याकाळी बसून मनापासून जे सगळं टाइप केलं ते आर्चवाल्यांचं होतं हे मला तिसऱ्या संध्याकाळी कळलं. (बाय द वे, त्या आर्चवाल्यांनी लिहून ठेवलेली माहिती सगळ्यात चांगली असते, हे त्यांच्यात नसूनही कबूल करावं लागतं. फक्त आपल्याला लागू पडत नाही, शेजारच्या आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांसारखं.)

कूळ जमलं तरी पुढे नाव विचारतात. मिंटच्या प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव असतं, शेवटी 'आ' येणारं. पहिली एडा, २००६ सालची. मग मी रात्री साडेअकराला भाच्याला फोन लावून हळू आवाजात विचारतोय, अरे माझ्याकडे विल्मा आहे का झारा, सगळे विचारतायत कुठली आहे, आणि दारात बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी. झारा निघाली. २२.२. पण ते बायकोला पटवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी स्वतः एखादी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली असती.

उत्तरं भरपूर सापडतात हो, पण सालं बघायची. २००९ चं, २०१२ चं, एक २०१५ चं, त्यात खाली पन्नास जणांनी धन्यवाद दिलेले. मीही ते सगळं केलं आणि जे ब्लूटूथ चालत होतं तेही बंद पडलं. व्हिडिओवाला पोरगा 'तो गाइज' म्हणून सुरू करतो, आठव्या मिनिटाला मुद्द्यावर येतो आणि नेमकी कमांड लिहिताना त्याचं डोकं स्क्रीनच्या आड येतं. एआयला विचारलं तर त्याने अत्यंत नम्रपणे एक सेटिंग सांगितलं, मी म्हटलं असं सेटिंगच नाहीये, तर म्हणे तुमचं अगदी बरोबर आहे आणि दुसरं नसलेलं सेटिंग सांगितलं. एवढा मान मला कुणी दिला नव्हता, पण वायफाय नाही आलं.

पाचव्या दिवशी राउटरमागचा पासवर्डचा स्टिकर बघायला मी लॅपटॉप काखेत मारून देवघरापाशी गेलो. राउटर तिथेच आहे, वायरवाल्या पोराने त्याला सोयीचं म्हणून देव्हाऱ्याच्या वर खिळा ठोकला होता, आईने नाही हो म्हणता म्हणता चालवून घेतलं. पाटावर बसलो, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि नेट आलं! उठून दोन पावलं मागे गेलो, गेलं. परत पाटावर बसलो, आलं. मग काय, रोज संध्याकाळी मी देवापुढं. सोसायटीचा हिशोब, मेल, लाइटबिल, सगळं पाटावर मांडी घालून. आई फोनवर मावशीला सांगताना ऐकलं, "चांगला तासतासभर बसतो गं हल्ली."

तिथे बसूनच मी शेवटी लिनक्सवाल्यांच्या फोरमवर स्वतः प्रश्न टाकला. रिस्पेक्टेड सर अँड मॅडमपासून सुरुवात करून, भाऊबीजेपासूनचा सगळा वृत्तांत, भाच्यासकट. उत्तर आलं एका ओळीचं. नमस्कार नाही, काय नाही, फक्त 'इन्क्सी' नावाची, मशीनची माहिती दाखवणारी कमांड चालवा आणि जे येईल ते इथे चिकटवा. उत्तर देणाऱ्याच्या चित्राच्या जागी एक बेडूक. मला तर तहसील कचेरीच्या खिडकीची आठवण आली, झेरॉक्स आणा, पुढचा या. मी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून दिला, तिरका, ट्यूबलाइटच्या चकाकीसकट. बेडूक म्हणाला फोटो नको, मजकूर पाहिजे. मग मजकूर कॉपी करायला कंट्रोल सी दाबलं तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाकायच्या खिडकीत, त्याचा अर्थ 'थांब' असा होतो म्हणे, शिफ्टपण दाबायचं असतं. मी त्या बेडकाला मनातल्या मनात जे बोललो ते देवापुढं बसून बोलायला नको होतं.

सगळं चिकटवल्यावर त्याने विचारलं, सिग्नल कुठे येतो? आता देवघराला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? मी लिहिलं, नेट फक्त देवासमोर बसल्यावर येतं, दोन पावलं मागे गेलं की जातं. थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं: "इंटरेस्टिंग. अँटेना."

तर झालेलं असं. त्या वायफाय चिपला अँटेनाची दोन तोंडं असतात, लॅपटॉप बनवताना खर्च वाचवायला वायर एकाच तोंडाला जोडलेली, आणि ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कान लावून बसलाय दुसऱ्या, रिकाम्या तोंडाला. बहिऱ्या कानाशी फोन धरल्यासारखं. त्यामुळे हातभर अंतरावरचं तेवढं ऐकू येतं, भाच्याचा हॉटस्पॉट चालला तो त्यामुळेच. उपाय एका ओळीचा, एका फाइलमध्ये एक ऑप्शन लिहायचा, ॲन्ट सेल, म्हणजे कुठलं तोंड वापरायचं तो आकडा. मी आधी ते मुंगीचा सेल असंच वाचलं. आधी बरोबर एक लिहून बघितलं, काही नाही. मग दोन लिहिलं, रीस्टार्ट केला, आणि बेडरूममध्ये, दार लावून, चार दांड्या! जोशींचंपण दिसायला लागलं. नऊ दिवस, आणि औषध निघालं दोनचा आकडा.

त्या बेडकाला मी भलंमोठं आभाराचं पत्र लिहिलं. त्याने अंगठा दाखवला, वर केलेला. गोड बोलणारे पन्नास जण एकीकडे आणि हा एकीकडे, पण हे मी त्याला लिहिलं नाही, त्याने परत मजकूर मागितला असता.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाती वळता वळता म्हणाली, "बसत नाहीस रे हल्ली?"

परवा अपडेट आला, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, बदलणार म्हणून. भाचा म्हणतो मामा त्या फाइलला काही होत नाही, बिनधास्त दाबा. मी लॅपटॉप उचलला, पाटावर जाऊन बसलो आणि मगच बटण दाबलं.