करंट देऊन गंज थांबतो: सोसायट्यांत फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा सरत आला की समुद्राकाठच्या सोसायट्यांत दुरुस्तीची टेंडरं निघतात, आणि त्याच सुमारास एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: "आरसीसीच्या सळयांना करंट देऊन गंज थांबवतो म्हणतात ती शुद्ध फसवणूक आहे. कॅथोडिक प्रोटेक्शन जहाजाला आणि पाइपलाइनला चालतं, काँक्रीटला नाही. भिंतीला हात लावला तर शॉक बसेल. लाइटबिल परवडणार नाही. हायड्रोजनमुळे लोखंड ठिसूळ होईल. त्यापेक्षा सळई घासा, रस्ट कन्व्हर्टर मारा, पॉलिमर मॉर्टर भरा, वरून चांगला वॉटरप्रूफ रंग द्या. वीस वर्षं बघायला नको."

गंजलेल्या इमारतींच्या तपासणीचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. हा मजकूर वाचून सोसायट्यांनी घेतलेले निर्णय मला त्या इमारतींच्या कॉलमवर दिसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. यातलं शेवटचं विधान सर्वांत घातक आहे. सुरुवात तिथूनच.

"मॉर्टर भरा, वीस वर्षं बघायला नको."

काँक्रीट मुळात सळईला जपतं. सिमेंटमुळे आतल्या ओलाव्याचा पीएच १२.५ ते १३ च्या घरात असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर बसतो आणि गंज चढत नाही. हा थर दोन कारणांनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि पीएच ९ च्या खाली आणतो, हे एक. दुसरं कारण मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं असो की बांधतानाच खाडीच्या रेतीतून आलेलं, मिठातलं क्लोराइड सळईपाशी पुरेसं साठलं की पीएच चांगला असूनही तो थर ठिकठिकाणी फोडतं. मग गंज धरतो. त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरतं, कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, आतून ढकललं जातं, पोपडे सुटतात.

गंजणाऱ्या सळईवर एकाच वेळी दोन प्रकारच्या जागा असतात. एका जागी लोखंड विरघळत असतं, तो अॅनोड. त्याच सळईवर बाजूला कॅथोड असतो आणि तिथे लोखंडाला काही होत नाही. गंजणारी जागा स्वतः झिजून शेजारच्या लोखंडाला वाचवत असते. आता मिस्त्री येतो, तेवढीच गंजलेली जागा फोडतो, घासतो आणि ताजा अल्कधर्मी मॉर्टर भरतो. त्या तुकड्यापुरती सळई सुरक्षित होते आणि कॅथोड बनते. शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ मात्र तसंच असतं. ज्या जागेमुळे तिथली सळई आजवर वाचत होती ती जागाच आपण बदलून टाकलेली असते. मग गंज तिथे सुरू होतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. कॉलमच्या तळाशी राखाडी मॉर्टरचं चौकोनी ठिगळ असतं, हातोडीने वाजवलं तर खणखणीत. त्याच्या वरच्या कडेपासून चार बोटांवर, जुन्या काँक्रीटमध्ये, सळईच्या रेषेत केसासारखी चीर असते आणि तिच्यातून तांबूस ओघळ उतरलेला असतो. तिथे हातोडी मारली की आवाज बद्द येतो. सोसायटीला वाटतं कंत्राटदाराने काम वाईट केलं. पुष्कळदा कामात खोट नसते. ज्या काँक्रीटमध्ये मीठ पसरलंय तिथे ठिगळाची दुरुस्ती असंच वागते, मॉर्टर कितीही भारी असो.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, त्याबद्दल एवढंच: तो ब्रश पोचेल तिथवर लागतो. सळईची मागची बाजू काँक्रीटमध्ये असते. नीट दुरुस्ती करायची तर सळईच्या मागे निदान २० ते २५ मिलिमीटर काँक्रीट काढावं लागतं. स्वस्तातल्या कामात ते कोणी काढत नाही.

"जहाजाला चालतं, काँक्रीटला नाही."

सुरुवात जहाजापासूनच झाली हे खरं. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पत्रा झिजायचा थांबवून दाखवला. काँक्रीटमधल्या सळईलाही ही पद्धत वापरायला लागून आता पन्नास वर्षं होऊन गेली. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने पुलांचे स्लॅब गंजत होते. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातल्या रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी १९७३ मध्ये स्लाय पार्क इथल्या पुलाच्या स्लॅबवर करंट देणारी व्यवस्था बसवली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने लेखी भूमिका घेतली: मिठाने दूषित झालेल्या पुलाच्या स्लॅबमध्ये, क्लोराइड कितीही असलं तरी, गंज थांबवते असं सिद्ध झालेली दुरुस्तीची पद्धत ही एकच आहे. पुढे ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कॉन्डे मॅक्कलो यांचे १९३०च्या दशकातले काँक्रीटचे पूल वाचवताना पृष्ठभागावर वितळलेलं जस्त फवारून त्याचाच अॅनोड केला. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या पाण्यालगतच्या भागालाही हे संरक्षण दिलेलं आहे. या कामासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२६९६, आणि ते केवळ काँक्रीटमधल्या पोलादासाठी आहे.

यामागचं काम असं चालतं. बाहेर एक अॅनोड बसवायचा, बहुधा धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमची जाळी किंवा पट्टी. डीसी सप्लायचं अधिक टोक त्याला आणि उणे टोक सळयांना जोडायचं. करंट काँक्रीटमधून सळईकडे जातो आणि सगळी सळई कॅथोड होते. तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल तयार होतात, म्हणजे हरवलेली अल्कधर्मिता परत येते. क्लोराइडवर ऋण भार असतो, त्यामुळे ते सळईपासून दूर, अॅनोडकडे सरकू लागतं. मीठ असलेलं सगळं काँक्रीट न फोडता गंजाच्या प्रक्रियेलाच हात घालणारी ही पद्धत आहे. म्हणूनच मला तिच्याबद्दल बोलावंसं वाटतं.

"भिंतीला हात लावला तर शॉक बसेल, आणि लाइटबिल..."

साधा हिशोब करू. गंजू लागलेल्या सळईला तिच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण २ ते २० मिलिअँपिअर लागतात. मध्यम आकडा १० धरा. संरक्षण द्यायच्या भागात सळयांचा एकूण पृष्ठभाग १००० चौरस मीटर असेल तर करंट १० अँपिअर. व्होल्टेज सहसा दहाच्या आतबाहेर असतं, ५ धरलं तर ५० वॅट. रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं यंत्र, त्यातला अपव्यय मोठा धरून १०० वॅट म्हणा. महिन्याला ७२ युनिट झाले. जिन्यातले दिवे याहून जास्त खातात. आणि एवढ्या कमी डीसी व्होल्टेजने भिंतीला हात लावणाऱ्याला शॉक बसत नाही.

लाइट गेली तर? काही तास किंवा काही दिवस सप्लाय बंद राहिला म्हणून गंज लगेच परत धरत नाही, कारण सळईभोवती जमलेली अल्कधर्मिता टिकून असते. धोका आहे तो महिनोन्महिने बंद पडलेल्या आणि कोणी न पाहिलेल्या पॅनेलचा.

खरी भीती बाळगायची तर तारा उलट जोडल्या जाण्याची बाळगा. अधिक टोक सळईला गेलं तर सळईच अॅनोड होते, आणि १ अँपिअर करंट वर्षभरात सुमारे ९ किलो लोखंड खातो. म्हणून सिस्टिम चालू करताना टोकं तपासणं आणि सगळ्या सळया एकमेकींना विजेच्या दृष्टीने जोडलेल्या आहेत की नाही हे पाहणं ही कामं अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी लागतात. जुन्या इमारतीत काही सळया सुट्या निघतात, त्या वेल्ड करून जोडाव्या लागतात. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

"हायड्रोजनमुळे लोखंड ठिसूळ होईल."

या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते कुठे लागू होतं ते बघा. सळईचं पोटेन्शियल, म्हणजे एका ठरावीक इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजलेलं तिचं व्होल्टेज, फार उणे नेलं तर तिच्यावर हायड्रोजन सुटतो, आणि अतिउच्च ताकदीचं, ताणून ठेवलेलं पोलाद त्याने ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतं. म्हणून मानकात मर्यादा आहे: सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे ताणून ठेवलेल्या, पोलादासाठी उणे ९०० मिलिव्होल्ट, साध्या सळईसाठी उणे ११००. आपल्या राहत्या इमारतींतली टॉर स्टील किंवा टीएमटी सळई साध्या गटात येते. चार-सहा मजली इमारतीच्या कॉलमबाबत हायड्रोजनची भीती घालणं चूक आहे.

प्रीस्ट्रेस्ड पुलांची गोष्ट मात्र खरोखर वेगळी. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. वाशीच्या ठाणे खाडी पुलाच्या केबल्सनाही गंजाने ग्रासलं आणि १९९७ मध्ये शेजारी नवा पूल आला. कॅथोडिक प्रोटेक्शनने मांडवीचा पूल वाचला असता असं मी म्हणणार नाही. धातूच्या नळीत बंद असलेल्या केबलपर्यंत बाहेरून दिलेला करंट नीट पोचतच नाही. तिथे उपाय वेगळे.

"वरून चांगला वॉटरप्रूफ रंग द्या."

कार्बन डायऑक्साइड अडवायला चांगला लेप उपयोगी असतो, आणि कव्हर अजून शाबूत असेल तर तो जरूर द्यावा. पण मीठ सळईपर्यंत पोचलं असेल तर रंग त्याला बाहेर काढत नाही. आत राहिलेला ओलावा आणि मीठ पुरेसं असतं. वर रंग छान दिसत राहतो, आत गंज वाढत राहतो, आणि पोपडा पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

फॉरवर्ड ज्याला हात लावत नाही ते मी सांगतो: ही पद्धत महाग आहे. वीज स्वस्त, पण जाळी बसवणं, वायरिंग, पोटेन्शियल मोजायला कायमचे रेफरन्स इलेक्ट्रोड, पॅनेल आणि वर्षानुवर्षांची देखरेख यांना पैसे लागतात. टायटॅनियमची जाळी २५ वर्षं किंवा जास्त टिकेल अशी डिझाइन करतात, तरी तिच्याकडे कोणी बघितलं नाही तर ती निरुपयोगी. ज्या सोसायटीला पंपाची दुरुस्तीही वेळेवर करवत नाही तिला मी करंटची सिस्टिम सुचवत नाही. तिच्यासाठी जस्ताचे छोटे अॅनोड असतात. दुरुस्तीच्या ठिगळाच्या कडेने ते सळईला बांधून मॉर्टरमध्ये पुरतात. जस्त स्वतः झिजतं आणि कडेच्या सळईला वाचवतं, त्यामुळे वर सांगितलेली ठिगळाशेजारची चीर पडायला पुष्कळ उशीर लागतो. वायर नाही, बिल नाही. मात्र जस्त संपतं, वातावरणाप्रमाणे साधारण १० ते १५ वर्षांत, आणि त्याची ताकद मर्यादित असते. इमारतभर मीठ पसरलं असेल तर ते पुरत नाहीत.

दुसरीकडे, आतल्या कोरड्या खोल्यांत केवळ कार्बोनेशन झालेल्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पण मीठ नसलेल्या इमारतीला यातलं काहीच लागत नाही. नीट पॅच दुरुस्ती आणि लेप पुरेसा. तिथे कोणी कॅथोडिक प्रोटेक्शन विकायला आला तर त्याला सरळ नकार द्या.

सिस्टिम काम करतेय की नाही हे कंत्राटदाराच्या शब्दावर मानायची गरज नसते. करंट बंद करायचा आणि मल्टिमीटरवर सळईचं पोटेन्शियल बघत बसायचं. स्विच पाडल्याबरोबर आकडा एकदम उडी मारतो. ती उडी काँक्रीटच्या विद्युतरोधाची, ती धरायची नाही. त्यानंतर आकडा हळूहळू सरकत राहतो. २४ तासांत तो १०० मिलिव्होल्ट किंवा जास्त सरकला तर त्या जागी संरक्षण पुरेसं आहे. ही चाचणी कमिटीच्या सदस्यांसमोर करायला सांगा आणि आकडे लिहून घ्या.

म्हणून टेंडर काढण्याआधी ऑडिटमध्ये दोन गोष्टी मागा. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, पण पुष्कळ अहवालांत या दोन गोष्टी नसतात. पहिली, कव्हरपासून सळईपर्यंत वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या भुकटीतलं क्लोराइड. तुलनेसाठी, नव्या आरसीसीत आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक दर घनमीटरला जास्तीत जास्त ०.६ किलो क्लोराइड चालवून घेतं. दुसरी, हाफ-सेल पोटेन्शियलचा नकाशा, म्हणजे जागोजागी इलेक्ट्रोड टेकवून मोजलेलं सळईचं पोटेन्शियल. तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही जास्त उणे आकडे आले तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. वरून धडधाकट दिसणाऱ्या कॉलमवर असे आकडे येतात तेव्हा कमिटीचे चेहरे बदललेले मी पाहिले आहेत.

हे आकडे हातात असले तर रंग पुरेल, पॅच पुरेल, जस्त लागेल की करंट, हे ठरवायला एक बैठक पुरते. आकडे न घेता मॉर्टर भरला, तर पाच-सात वर्षांनी त्याच कॉलमसाठी पुन्हा टेंडर काढावं लागण्याची शक्यता फार मोठी आहे.